नेट लागत नाही, एवढंच सांगायचं

आमच्या वायफायला मी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या उभ्या जन्मात कुणाला घातल्या नसतील. लॅपटॉपवर नेट लागायचं, दोन वाक्यं धड व्हायची आणि गायब! मोबाइलवर चालू, वरच्या मजल्यावरच्यांचं चालू, रोग फक्त त्या एका लॅपटॉपला. आणि आमच्या घराचं सगळं अडलेलं होतं त्या लॅपटॉपवरच.

कारण माय. आम्ही मूळचे बिडकीनकडचे. शहरात, पुंडलिकनगरात येऊन इतकी वर्षं झाली, तरी आम्हा बहीण-भावाच्या तोंडातून आई हा शब्द कधी निघाला नाही, मायच. मायला ऐकू कमी यायचं. फोन कानाला लावला की ती नुसतं 'व्हय, व्हय' करायची. पलीकडून कुणी घर पेटलंय म्हणालं असतं तरी व्हयच म्हणाली असती. मोबाइलच्या पडद्यावरचं तिला दिसायचं नाही, म्हणून त्यावर व्हिडिओ ती लावूच द्यायची नाही. लॅपटॉपवर मात्र माणसाचं तोंड मोठं दिसायचं, ओठ हलताना दिसायचे, आणि त्यावरून ती बरोबर सगळं धरायची. धाकटी बहीण लग्नानंतर जर्मनीला गेली तेव्हा आपला जुना लॅपटॉप मायसाठीच ठेवून गेली. रोज संध्याकाळी, तिकडं दुपार असताना, दोघींचं बोलणं चालायचं. मला मधे तोंड घालायची परवानगी नव्हती. माझं काम नेट सांभाळायचं.

खंडेनवमीला मायनं विळी, कोयता, माझ्या मोटरसायकलची चावी यांच्या रांगेत राउटर मांडला, त्याला हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. "लेकीला घरी आणतं ते," म्हणाली.

"आणतं कुठं? उंबऱ्यावरून माघारी धाडतं," मी म्हणालो.

"तुझ्या तोंडातून काही बरं निघतच नाय."

बहीण कम्प्युटरमधली. ती फोनवरून एकेक उपाय सांगायची. राउटर बंद करून चालू कर. नेटवर्क काढून टाक, पासवर्ड नव्यानं घाल. राउटर लोखंडी कपाटावरून हलव भाऊ, लोखंड सिग्नल खातं. मी हलवला. खिडकीत ठेवला, फ्रिजवर ठेवला, खिळा ठोकून भिंतीवर टांगला. कंपनीचा माणूस आला, त्यानं आपला मोबाइल लावून बघितला, म्हणाला लाइन एक नंबर आहे, आणि चहा पिऊन गेला. घोडं कुठं पेंड खातंय ते काही कळंना. माय बिचारी अर्ध्या वाक्यावर थांबलेल्या पडद्यासमोर तशीच बसून राहायची. लेकीचं तोंड उघडं राहून गोठलेलं असायचं आणि माय त्याच्याकडंच बघत म्हणायची, "येईल, येईल. राहू दे, हात नको लावू."

मग बहिणीला दिवस गेले. आधी एकदा पोटातलं लेकरू गेलं होतं, त्यामुळं आम्ही सगळेच धास्तावलेले. या वेळी तिचा बीपी चढायला लागला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, झोपून राहा, डोक्याला ताप घेऊ नका. ती घरी पडून, दाजी ऑफिसात, आणि दिवसभर तिला वाट कशाची, तर मायच्या संध्याकाळच्या बोलण्याची.

आणि एका सकाळी माय गेली. चहाचा कप हातात होता. कप खाली ठेवला, भिंतीला टेकली, संपलं. दवाखान्यात नेलं ते आपल्या मनाच्या समाधानाला. मी तिथंच बाकावर बसून बहिणीला फोन लावायला मोबाइल काढला, तर आत्यानं माझ्या हातातून तो काढून घेतला. आत्या म्हणजे माझ्या वडलांची बहीण. वडील गेल्यापासून घरातला मोठा शब्द तिचाच.

"पोटुशीला मायचं मरण कळवत नसतात," ती म्हणाली. "मोकळी होऊ दे, मग सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आमच्याकडं हे असंच असतं. पोटुशी बाईला मढं दाखवत नाहीत, मरणाची बातमी सांगत नाहीत, कुणाच्या दारात ताटी बांधत असले तर तिला आतल्या खोलीत बसवतात. मी दाजींना फोन केला. ते इंजिनिअर माणूस, म्हटलं ते तरी म्हणतील की असलं काही करू नका. ते फोनवर रडले आणि म्हणाले, "आत्या बरोबर म्हणतायत. डिलिव्हरी होईपर्यंत कळू देऊ नका." मग मी कोण वेगळं सांगणार? खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं. आधीचं गेलं तेव्हा तिचं काय झालं होतं ते मी बघितलेलं होतं. माय तर गेली, निदान हिला आणि लेकराला तरी राखू.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी स्मशानातून येऊन आंघोळ करून बसलो होतो.

"नेट लागत नाही," मी म्हणालो.

"तरीच! अर्धा तास लावतीय मी. जाऊ दे, तुझा आवाज असा का?"

"सर्दी."

इतकं सोपं गेलं ते. रडायचीसुद्धा चोरी झाली. भेटायला येणारी माणसं पुढच्या खोलीत बसलेली असायची, बायकांचा आवाज वाढला की मी मोबाइल घेऊन जिन्यात पळायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पण नुसतं नेट लागत नाही म्हणून भागेना. ती म्हणायची, बरं, मायला एवढं विचार. पायाला सूज आहे, काय करू? मी फोन बाजूला धरून मोठ्यानं विचारल्याचं नाटक करायचो आणि जरा थांबून सांगायचो, "माय म्हणतीय, पाय वर करून बस. मीठ कमी खा." दुसऱ्या दिवशी ती सांगायची, सूज उतरली, मायला सांग. मग तिला खायची वासना व्हायची. मायला विचार, अंबाडीची भाजी चालंल का? मायला विचार, रात्री लेकरू लई लाथा मारतं, असं असतं का? मी सगळ्याला उत्तरं द्यायचो. मायची बोलायची ढब मला तोंडपाठ, त्यामुळं उत्तरं चांगली जमायची. एकदा तर ती खदाखदा हसली, म्हणाली, "ही अशीच आहे बघ." मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसलो. आपण आपल्या मेलेल्या मायचं सोंग आणतोय, असं माझ्या मनात आलं. पुढं काही विचार करायचं धाडस झालं नाही.

शेवटी तिचाच धीर सुटला. "हे काय भाऊ, माझी माय मला दिसना. तुला जमत नसंल तर मी बघते. तुझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू कर, लॅपटॉप त्याला जोड. मी इथून लॅपटॉप ताब्यात घेते. आजच्या आज."

"राहू दे गं, तू आराम कर."

"पडल्या पडल्याच करायचंय. कर तू."

काय कारण सांगणार? मी आत्याला म्हणालो, तोंडातून शब्द काढू नको. हार घातलेला मायचा फोटो आतल्या खोलीत पालथा ठेवला. दिवा आत नेला. बायकोला दाराशी उभं केलं, म्हणजे भेटायला कुणी आलं तर बाहेरच थांबवायला. मनाशी ठरवलं, लॅपटॉप चालू झालाच तर सांगू, माय देवळात गेलीय.

मग पडद्यावर बाण आपोआप हलायला लागला. बहिणीचा हात जर्मनीत आणि बाण आमच्या घरात. भराभर एकेक खिडकी उघडत होती, फोनवर स्वतःशीच पुटपुटत होती. एका ठिकाणी थांबली.

"अगं माय! भाऊ, हे बघ. इथं टिक आहे. वीज वाचवायची म्हणून लॅपटॉप स्वतःच वायफाय बंद करतोय. राउटर चांगला, लाइन चांगली. ही एवढीशी टिक काढायची होती."

तिनं टिक काढली. हॉटस्पॉट सोडून वायफाय लावलं. थांबलो. गेलं नाही. अजून थांबलो. नाहीच गेलं. मायची किती बोलणी अर्धी तुटली होती, ती गोठलेल्या तोंडासमोर किती वेळ बसली होती, आणि त्याला कारण ही टिक! मला असला राग आला, स्वतःचा, त्या यंत्राचा, सगळ्याचाच. त्या रागात मी बाकीचं विसरलो. बाण कुठं चाललाय ते माझ्या ध्यानात आलं नाही.

"घे, लावला व्हिडिओ. बोलाव मायला," ती म्हणाली, आणि पडद्यावर ती दिसली. उशीला टेकलेली, तोंड सुजलेलं, हसत होती.

आणि तिला मी दिसलो. फोटो झाकला, दिवा झाकला, आत्याचं तोंड झाकलं, आणि माझं भादरलेलं डोकं तसंच उघडं ठेवून मी कॅमेऱ्यासमोर बसलेलो. मायला अग्नी देताना केस काढले होते, ते अजून उगवले नव्हते. घरात येणारा जाणारा त्याच डोक्याकडं बघायचा, म्हणून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिनं मला असं आधी एकदाच पाहिलं होतं, वडील गेले तेव्हा.

तिचं हसू लगेच गेलं नाही. आधी डोळे बदलले.

"कधी?" ती म्हणाली.

मी सांगितलं.

तिचा हात पोटावर गेला. मग म्हणाली, "पाय वर करून बस, हे कोण म्हणालं?"

"मी."

"अंबाडीचं?"

"मीच, बाई."

"म्हणजे मी कुणाशी बोलत होते इतके दिवस?"

मी रडायला लागलो. माय गेल्यापासून पहिल्यांदाच नीट रडलो, तेही तिच्यासमोर, जिला सावरायला म्हणून सगळा खटाटोप केला होता. ती मात्र रडली नाही. फोन उचलून तिनं दाजींना घरी बोलावलं. "तुम्हालाही माहीत होतं ना?" एवढंच त्यांना विचारलं.

लेकरू सुखरूप झालं. मुलगी आहे, नाकी डोळी नीटस. आत्या आता आमच्याकडंच राहते, आणि आजही म्हणते, आपण केलं ते बरोबरच केलं, दोघी राखल्या. मी तिच्याशी वाद घालत नाही. राखल्या खऱ्या.

रविवारी बहिणीचा व्हिडिओ येतो. माझ्यावर रागावून बोलत नाही, टाकून बोलत नाही, कधी तो विषयही काढत नाही. फक्त आधी घर बघते. सगळे कसे आहेत हे मी सांगायला लागलो तर मधेच तोडते. "सांगू नको, दाखव." मग मी लॅपटॉप घेऊन घरभर फिरतो. बायको ओट्याशी, ती दाखवायची. पोरं दाखवायची. मग मला म्हणते, उजेडात बस. मी बसतो. आधी माझ्या डोक्याकडं बघते.

मागच्या रविवारी म्हणाली, "आत्या दिसली नाही."

"आंघोळीला गेलीय," मी म्हणालो. खरंच गेली होती, पाण्याचा आवाज येत होता.

ती पोरीला खांद्यावर घेऊन नुसती पडद्याकडं बघत राहिली. मी पोरीचं नाव काय ठेवायचं ते विचारलं, थंडी किती आहे ते विचारलं. ती माझ्यामागच्या दाराकडंच बघत होती. शेवटी मी उठलो, न्हाणीचं दार वाजवलं आणि म्हणालो, "आत्या, असशील तशी बाहेर ये."

आत्या ओल्या केसांनी, लुगडं कसंबसं गुंडाळून, पाणी गाळत आली. कॅमेऱ्यासमोर वाकली.

"हाय गं बाई," म्हणाली. "हाय मी."

तिकडं बहिणीनं तिला नीट पाहून घेतलं. मग पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "हां. आता बोल."