रविवारपर्यंतची मुदत

निककाका मराठीत स्वतःबद्दल बाईमाणसासारखं बोलत. सव्वासहा फूट उंची, दोनदा मोडलेलं नाक, परातीएवढे पंजे, आणि दारातून वाकून आत येताना म्हणणार, ‘मी आली.’ ही नागपूरकडची मराठी ते माझ्या मावशीकडून, कुसुममावशीकडून, शिकले होते. ती स्वतःबद्दल जसं बोलायची तसंच त्यांनी उचललं, आणि तिने जन्मात कधी दुरुस्त केलं नाही. मी एकदा प्रयत्न केला, तर म्हणाले, “कुसुमची मराठी बरोबर. तुझी चूक.” पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याशी कशातच पुढे बोलण्यात अर्थ नसे.

हा माणूस तरुणपणी न्यू जर्सीत जुगाराच्या टोळीचा वसुलीवाला होता. घोड्यांवरचे बेकायदा सट्टे, पत्त्यांचे अड्डे असा त्यांच्या मालकाचा पसारा. हरलेल्या माणसाने पैसे थकवले की मालक निककाकांना पाठवी. पुढे दोन अड्डे तेच चालवू लागले. एकदा कुणाचा तरी जबडा फोडताना त्यांचा स्वतःचाच हात मोडला, आणि प्लॅस्टर घालायला समोर आली ती नागपूरहून गेलेली नर्स, कुसुममावशी. जिन्यावरून पडलो, असं यांनी सांगितलं. “जिन्याचे दात शाबूत आहेत का?” मावशीने विचारलं.

नंतर ते सात वर्षं तुरुंगात होते. मावशी दर महिन्याला एक पत्र पाठवायची, त्यात नुसतं हवापाणी आणि जेवायला काय केलं ते. सुटल्यावर दोघांनी लग्न केलं आणि अमेरिका सोडून इंग्लंडला आले. काकांची आई मूळची इथल्या बर्मिंगहॅमची, त्यामुळे पासपोर्टची अडचण आली नाही. इथे मावशीने हॉस्पिटलात नोकरी केली आणि काकांनी फर्निचरच्या गोदामात. मावशी गेल्यावर मात्र ते आमच्या वाट्याला आले. त्यांचं घर दहा मिनिटांवर. रोज पाचच्या ठोक्याला चहाला हजर.

त्यांनी आम्हाला किती छळलं, हे माझी बायको मंजिरी जास्त चांगलं सांगेल. शेजारच्या गृहस्थाचा कचऱ्याचा बिन आमच्या गेटसमोर यायचा. काकांनी त्याला जाऊन फक्त झोप नीट लागते का, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तो आमचाही बिन बाहेर ठेवू लागला, आणि माफी मागायला मला जावं लागलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत हाऊजी चालू असताना त्यांनी खेळ थांबवला, आकड्यांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि सगळे आकडे मोजले. खजिनदार म्हणजे सत्तरीचे निवृत्त डेंटिस्ट, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शरमेने माझी मान वर होईना. दोन आकडे खरंच हरवलेले निघाले. काकांचा सगळ्यात मोठा वैताग हाच होता, त्यांचं बरोबर निघायचं.

मग एका मंगळवारी माझी पाळी आली.

मी वर्षभर फोनवर बेटिंग करत होतो. आधी क्रिकेट, मग फुटबॉल, मग माहीत नसलेल्या देशातलं टेनिससुद्धा. घर विकत घेताना भरायच्या डिपॉझिटसाठी आम्ही दोघांनी साठवलेले पैसे त्यात चालले होते आणि मंजिरीला पत्ता नव्हता. ती वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. काकांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “किती दिवस खेळतोस?”

मी म्हटलं, काय खेळतो?

“फोन उलटा ठेवतोस. चहा गार होतो. बायको आली की हसतोस.”

मी उखडलो. म्हटलं, हे तुमच्या अड्ड्यासारखं नाही, इथे हे कायदेशीर आहे, परवाना असलेल्या कंपन्या आहेत. ते शांतपणे म्हणाले, “हो. आम्हाला दार ठोकायला लागायचं. तू त्यांना खिशात घेऊन फिरतोस.”

त्यानंतर ते इंग्रजीत बोलू लागले. मावशी गेल्यापासून माझ्याशी त्यांनी हट्टाने मराठी सोडली नव्हती. हे कुसुमच्या भाषेत नको, एवढंच म्हणाले. त्यांनी एका न्हाव्याची हकिगत सांगितली. ते त्याच्या घरी वसुलीला गेले, तेव्हा त्याच्या बायकोला वाटलं, नवऱ्याचा मित्र आला. तिने त्यांना जेवायला वाढलं. ते पोटभर जेवले, स्वयंपाकाबद्दल तिचं कौतुक केलं आणि मग नवऱ्याला परसात नेऊन त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली. ती खिडकीतून बघत होती. तिला तोवर काहीच माहीत नव्हतं. काका म्हणाले की, माणूस हरला म्हणून आमच्या तावडीत सापडत नसे, घरात लपवलं म्हणून सापडे.

मग पुन्हा मराठीत आले. “रविवारपर्यंत. तू सांगतोस, नाहीतर मी सांगते.”

मी विनवण्या केल्या. मग भांडलो. लोकांची बोटं मोडणाऱ्याने मला शहाणपण शिकवू नये, असंही बोललो. त्यांनी मान हलवली, कप विसळून ठेवला आणि गेले. बुधवारी, गुरुवारी नेहमीसारखे पाचला आले, मंजिरीशी भाजीपाल्याच्या गप्पा मारल्या, आणि जाताना माझ्याकडे बघून किती दिवस उरले ते बोटांनी दाखवलं. शुक्रवारी मी ठरवलं की रविवारच्या आत सगळं परत जिंकायचं. दुपारपर्यंत, उरलं होतं त्यातलं निम्मंअधिक घालवून बसलो.

रविवारी अकरा वाजता ते येऊन बाहेरच्या खोलीत बसले. स्वयंपाकघरात मी मंजिरीला सगळं सांगितलं, मंगळवारच्या मुदतीसकट. तिने आकडा दोनदा विचारला. मग ती ओट्याला टेकून खालीच बसली. शुक्रवारचं ऐकल्यावर मात्र उठली आणि थेट बाहेर गेली.

“काका, तुम्हाला मंगळवारी कळलं होतं. पाच दिवस गप्प बसलात?”

त्यांनी सांगायला सुरुवात केली की मुदत द्यायची असते, ती न दिली तर माणूस पळतो. मंजिरी म्हणाली, हे तुमचं गिऱ्हाईक नव्हतं, माझा नवरा होता. काकांनी मांडीवरच्या आपल्या पंज्यांकडे पाहिलं. “तुझं बरोबर. मी चुकली,” ते म्हणाले.

घर घेणं लांबलं. बँकेची सगळी खाती मंजिरीने हातात घेतली, आणि चार महिने ती माझ्याशी आमच्या मुलीच्या शाळेपलीकडे बोलली नाही. एका चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी जुगार सुटावा म्हणून धडपडणारी माणसं जमत. काका मला तिथे बसने घेऊन जात. मी पळून जाईन म्हणून नव्हे, असं ते म्हणत, आणि बसच्या दाराशीच उभे राहत. पहिल्या दिवशी गट चालवणाऱ्या बाईंनी त्यांना विचारलं, तुमची अडचण काय? त्यांनी न्हाव्याची हकिगत सांगितली. एक जण उठून निघून गेला. पुढच्या बुधवारी तो परत आला आणि काकांच्या शेजारी बसला.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्याच्या चार दिवस आधी मी हॉस्पिटलात त्यांच्याजवळ होतो. मंजिरी आदल्या दिवशी त्यांना मऊ भात भरवून गेली होती. ती हसली होती, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, काका, थँक्यू. कशाबद्दल ते त्यांना कळलं.

“मी ज्यांना मारलं ते पण थँक्यू म्हणायचे,” ते म्हणाले. “मी निघताना, दारात. घाबरून. तू घाबरून म्हणतोस, की खरं?”

मला रागच आला. मरणाच्या दारातसुद्धा या माणसाला साधं थँक्यू घेता येऊ नये? पण ते माझ्याकडे बघत थांबले होते, आणि त्यांची वाट बघण्याची ताकद मला ठाऊक होती.

“दोन्ही,” मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला. “मग दे,” ते म्हणाले.

मी पुन्हा थँक्यू म्हटलं.