बेंदराचा उंदीर

सयाजी हा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचा गवळी. संध्याकाळी म्हैस कट्ट्यावर उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचा, हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. अशा माणसाला शाहूपुरीतल्या डॉक्टरबाई सांगतात, "तुमच्या लेकीच्या, स्नेहलच्या रक्तात कॅल्शियम कमी आहे, म्हणून तिची बोटं आखडतात, झटके येतात. आजार घराण्यातून आलाय. गोळी एकच द्यायची, जास्त नको." झालं! सयाजीचं डोकंच फिरलं. "दुधाच्या घरात कॅल्शियम कमी? लोक तोंडात शेण घालतील की!"

मग गड्यानं काय करावं? एका गोळीऐवजी दोन द्यायला लागला, वर सकाळ-संध्याकाळ धारोष्ण दुधाचा तांब्या. नऊ वर्षांची पोर नको नको म्हणायची, हा मिशीला पीळ देत म्हणायचा, "पी! पैलवानागत होशील." झटके थांबलेही. स्वारी खूश.

पुढच्या तपासणीत लघवीतून कॅल्शियम भसाभसा जाताना दिसलं. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा सयाजीनं सगळं ओकलं. त्यांनी संगणकावर उंदरांची चित्रं दाखवली. प्रयोगशाळेत वाढवलेले, ह्याच आजाराचे उंदीर. डोळ्यांत मोतीबिंदू, मूत्रपिंडात चुन्यासारखे पांढरे कण.

"यांच्या अंगाला कमी कॅल्शियमसुद्धा जास्त वाटतं, ते बाहेर फेकत राहतं. वरून ओतलं की मूत्रपिंडात साचतं. हे उंदीर आम्हाला शिकवतात, म्हणून मी मोजून देते."

लेकीच्या अंगात आपल्याच हातानं चुना भरला की काय? सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. "अंबाबाई, पोरीला राख गं आई."

बाई हसत बाहेर आल्या. "मूत्रपिंडं स्वच्छ आहेत. पण आता तांब्या बंद!" गडी भर दवाखान्यात ढसाढसा रडला.

बेंदराला घरोघरी मातीचे बैल पुजतात. यंदा सयाजीनं कुंभाराकडून एक उंदीरही करून आणला आणि पाटावर बैलांशेजारी मांडला. शेजारचा केरबा फिदीफिदी हसला, "येडा झालास व्हय रं? उंदीर पुजतोस?"

"हस लेका. बैल राबतोय म्हणून पुजतोस न्हवं? ह्यो तर माझ्या लेकीपायी मेलाय की रं."

केरबाचं हसू मावळलं. सयाजीनं पुरणपोळीचा पहिला घास उंदरापुढं ठेवला, आणि स्नेहलनं वाकून त्याच्या कपाळाला हळद लावली.