आक्काची कात्री

दुपारी दीड ते चार आमचं औषधांचं दुकान बंद असतं. शटर गुडघ्याएवढं वर ठेवून मी काउंटरच्या आत चटई टाकतो आणि आडवा होतो. घर पाच मिनिटांवर आहे, पण घरी माझ्या तब्येतीची चौकशी सुरू होते. इथं पंख्याशिवाय कुणी बोलत नाही.

आज शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी आहे. आजच काय, तीन आठवडे आहे. माझ्या रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टर मगदुमांनी सांगितलं की माझ्या किडन्या आता चाळीस टक्केच काम करतात, आणि ही गोळी लिहून दिली. गेलेलं परत येणार नाही, पण उतरणीचा वेग हिच्यामुळं कमी होईल, असं म्हणाले. पहिल्या काही आठवड्यांत आकडा जरा बिघडलेला दिसेल, घाबरायचं नाही, रोज एकाच वेळेला घ्यायची. मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. हेच शब्द मी काउंटरवरून दिवसातून दोनदा तरी लोकांना ऐकवतो.

लोकांना ऐकवतो, आणि माझी पट्टी तीन आठवडे या शर्टातून त्या शर्टात फिरते आहे. माझी मुलगी गिरिजा रोज सकाळी विचारते, पप्पा, घेतली का? मी हो म्हणतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतल्यासारखं खोटं बोलतो.

झोप लागण्याआधी मी फळ्यांवरच्या खोक्यांची नावं वाचत पडतो. ती सवय आहे. तिसऱ्या फळीपर्यंत आलो की अक्षरं एकमेकांत मिसळायला लागतात, पंख्याचा आवाज लांब जातो. आज त्या आवाजात मधेच दुसरा एक आवाज येतो. कच्. पुन्हा कच्.

या लयीतला हा आवाज मी नऊ वर्षं ऐकलेला नाही.

काउंटरपाशी आक्का उभी आहे. माझी थोरली बहीण, महानंदा. दुकान तिनं उभं केलं. मी इंग्रजीत दोनदा आपटून बारावी नापास होऊन घरी बसलो, तेव्हा तिनंच मला ओढून इथं आणलं आणि फडकं हातात दिलं. नऊ वर्षांपूर्वी ती किडनीच्या आजारानं गेली. आता ती पाठमोरी आहे, अंगावर नेहमीची चॉकलेटी साडी आहे, आणि ती पट्टीतून सुट्या गोळ्या कापते आहे.

तिची कापण्याची एक रीत होती. पट्टीच्या ज्या टोकाला तारीख छापलेली असते ते टोक सगळ्यात शेवटी कापायचं, म्हणजे उरलेल्या गोळ्या कधीपर्यंत चालतील ते कळतं. हे सगळेच दुकानदार करतात. पण आक्का पुढं जाऊन प्रत्येक सुट्या गोळीच्या चांदीचे चारही कोपरे कात्रीनं गोल करायची. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी करायचीच. मी म्हणायचो, काय गोळीचं जावळ काढतेस का? ती म्हणायची, म्हाताऱ्यांच्या बोटाला टोचतं रे.

"झोपलास होय?" ती मागं न बघता म्हणते. "गिऱ्हाईक उभं आहे."

मी काउंटरपलीकडं बघतो. तिथं माणूस नाही, नुसतं ऊन उभं आहे.

"नवीन काय आलंय?" ती विचारते.

डायलिसिस करून मिरजेहून दमून आली तरी तिचा पहिला प्रश्न हाच असायचा. मी फळी दाखवायला वर हात करतो, तर फळ्यांच्या जागी जाळ्या आहेत. एकावर एक ताणलेल्या हिरव्या जाळ्या, आणि त्यांच्यावर पसरलेली द्राक्षं. म्हणजे आम्ही बेदाण्याच्या शेडमध्ये आहोत. आमच्या तासगावाभोवती अशा शेड जिकडंतिकडं आहेत, त्यामुळं मला त्यात काही विशेष वाटत नाही. काउंटर मात्र जाळ्यांच्या मधोमध तसाच आहे. आक्का जाळीवरून मूठभर बेदाणे उचलते आणि तोंडात टाकते.

मी तिचा हात धरतो. डायलिसिसच्या माणसाला बेदाणे चालत नाहीत. त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि त्यानं काळजाचे ठोके चुकतात. या बेदाण्याच्या गावात राहून शेवटची तीन वर्षं तिनं एक दाणा तोंडात टाकला नव्हता. कुणाच्या लग्नात शिरा आला तर त्यातले बेदाणे ती वेचून माझ्या ताटात टाकायची.

"आता कसलं पोटॅशियम, नागू," ती खात खात म्हणते.

मी तिला सांगतो की आता त्याच्यावरही औषध निघालंय. पाण्यात कालवून प्यायची पावडर, जास्तीचं पोटॅशियम पोटातूनच बाहेर काढते. ती चघळायची थांबते. मग बेदाणे चालतात का, विचारते. डॉक्टर सांगतील तेवढेच, मी म्हणतो. म्हणजे चार, ती म्हणते. मी म्हणतो, चारच. ती हसते आणि दुसरी मूठ भरते.

एसटी हिसका देऊन थांबते. आम्ही मिरजेच्या गाडीत खिडकीशी बसलो आहोत. आठवड्यातून तीनदा जायचो तीच गाडी, तीच फाटकी सीट. खिडकीबाहेर जाळ्या मागं पळताहेत. आक्काचा डावा हात माझ्या मांडीवर आहे. डायलिसिसच्या सुया टोचून टोचून त्याच्यावर गाठी आल्या होत्या, त्या आज कुठं दिसत नाहीत. हात लहान मुलीसारखा गुळगुळीत आहे. मी तिला सांगतो की रक्त वाढवायला दर आठवड्याला जे इंजेक्शन घ्यावं लागायचं, त्याच्याऐवजी आता काही जणांना गोळी देतात.

ती दंडावर जिथं इंजेक्शन घ्यायची तिथं बोट फिरवते. "बरं झालं," ती म्हणते. "पुढं?"

मी सांगत जातो. साखरेच्या रुग्णांच्या लघवीतून प्रथिनं जातात, ती अडवायला एक नवीन गोळी आली आहे, तेही सांगतो. कंडक्टर येतो, आमच्याकडं बघतो आणि तिकीट न मागता पुढं जातो. मी सांगायचा थांबतो. राहिलंय ते एकच, आणि ते सांगायला माझी जीभ उचलत नाही.

"आणि मुख्य काय ते?" आक्का विचारते. "किडनीच टिकावी म्हणून काही?"

गाडी थेट वॉर्डात शिरली आहे. दोन्ही बाजूंना मशिनं सुरू आहेत, त्यांच्या लाल नळ्या सीटच्या दांड्यांना गुंडाळल्या आहेत, आणि कुणालाच त्याचं आश्चर्य वाटत नाही. मी खिशावर हात ठेवतो आणि सांगतो. साखरेची म्हणून जी गोळी आली होती, तीच किडनीला सांभाळते असं नंतर कळलं.

"कुठली? तिसऱ्या फळीवरची? पिवळी?"

"हो."

"ती तर आपल्याकडं होती."

"होती," मी म्हणतो.

हेच मला सांगवत नव्हतं. आक्का आजारी असताना ती गोळी तिच्या हाताच्या अंतरावर होती. तेव्हा गोळीचा हा गुण कुणालाच माहीत नव्हता. आक्काला नवीन औषध आलं की खोक्यातली माहितीची चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. ती डोळे बारीक करून आठवते आहे.

"किडनी अधू असेल तर देऊ नये, असं लिहिलं होतं त्यात. मीच वाचून परत फळीवर ठेवली."

"आता बरोबर उलटं लिहितात. अधू असेल तर द्यावी म्हणून."

मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळतो. ती रडेल, नाहीतर माझ्यावर चिडेल, कशाचीही माझी तयारी आहे. मग मी बघतो, तर तिचा चेहरा खुललेला आहे. दुकानात चांगला माल उतरला की खुलायचा तसा.

"बघ की!" ती म्हणते. "फळीवरच होती आणि आपल्याला पत्ता नाही. किती जणांना दिलीस?"

मी नावं सांगतो. गिरणीवाले चौगुले, पोस्टातल्या सावंतबाई, आमच्या शाळेचे जुने शिपाई. सावंतबाईंचा आकडा दोन वर्षं एका जागेवर आहे. आक्का प्रत्येक नावाला मान हलवते. तिला सगळे आठवतात.

"आणि हे खिशात काय आहे?"

ती थांबते. थांबायला ती पहिल्यापासून पक्की. शेवटी माझ्याच तोंडून बाहेर पडतं.

"आक्का, तुझ्या गुडघ्याच्या गोळ्या मी कापून देत होतो."

सकाळी नऊ ते रात्री नऊ काउंटरवर उभं राहून तिचे गुडघे गेले होते. दुखायला लागले की ती मला म्हणायची, नागू, दे रे दोन. मी फळीवरून पट्टी काढायचो, दोन कापायचो. असं अकरा वर्षं. दिवाळीच्या गर्दीत तीन-तीन. औषधं घरचीच, मग डॉक्टरकडं कोण जातंय? मिरजेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेता? आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि मी भिंतीकडं बघितलं. तेव्हापासून मी भिंतीकडंच बघतो आहे. ती गेली तरी मी कुणाला हे बोललो नाही, गिरिजालाही नाही.

"ज्या हातानं तुला त्या दिल्या, त्याच हातानं ही मी कशी घेऊ?" मी म्हणतो. "तुला मिळाली नाही ती मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

आक्का कात्री खाली ठेवते. कात्री काचेवर वाजते, म्हणजे आम्ही परत दुकानात आलो आहोत.

"त्या भिंतीवर काय आहे?"

"तुझं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट." मी ते अजून उतरवलेलं नाही. शेजारी गिरिजाचं लावलंय.

"नाव कुणाचं आहे? वाच."

"महानंदा शिवलिंग आवटी."

"तुझं आहे का?"

"नाही."

"मग ऐक. त्या गुडघ्याच्या गोळ्या फार दिवस खाल्ल्या तर किडनी जाते, असं चिठ्ठीत लिहिलेलं होतं. मी वाचलेलं होतं. तुला तेव्हा इंग्रजीतलं एक अक्षर लागत नव्हतं, तू खोक्याच्या रंगावरून औषध काढायचास. दुखत होतं म्हणून मी मागितल्या, जाणूनबुजून खाल्ल्या. चूक माझी आहे, नागू. ती माझ्याकडंच राहू दे. तू कशाला तिच्यावर हक्क सांगतोस?"

मला रडू येतं. नऊ वर्षांत आलं नव्हतं तसं येतं, नाकातोंडातून. आक्का माझी समजूत काढत नाही. रडणाऱ्याला तिनं कधी जवळ घेतलं नाही, पाणी आणून द्यायची. आताही तेवढंच करते, आणि मग माझ्या खिशातून पट्टी काढते. तारखेचं टोक कुठलं ते बघते, पट्टी फिरवते, दुसऱ्या टोकानं एक गोळी कापते. मग कोपरे. कच्, कच्, कच्, कच्.

"कधी घ्यायची?" ती विचारते.

"रोज एकाच वेळेला."

"जेवणाआधी की नंतर?"

"कशीही चालते."

"पहिल्या काही आठवड्यांत?"

"आकडा जरा बिघडेल. घाबरायचं नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा परत तपासायचा."

"उलट्या-जुलाब झाले तर?"

"थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा."

"पास," आक्का म्हणते आणि माझी मूठ मिटते.

मी तिला म्हणतो, थोडी थांब की. अजून पुष्कळ काय काय आलंय, वरची फळी तर तू बघितलीच नाहीस. ती म्हणते, गिऱ्हाईक उभं आहे. गुडघ्याएवढ्या उघड्या शटरखालून ती वाकते. पूर्वी वाकली की तिचे गुडघे कडकड वाजायचे, मला आत ऐकू यायचं. मी कान देऊन ऐकतो. काही वाजत नाही. ती सहज खाली बसते, सहज पलीकडं जाते, आणि चॉकलेटी पदर उन्हात दिसेनासा होतो.

शटर वर गेल्याचा खडखडाट होतो. गिरिजा आली आहे. चार वाजायला पाच मिनिटं कमी आहेत, माझ्या गालावर चटई उमटली आहे, आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे.

मी मूठ उघडतो. आत एक गोळी आहे, सुटी कापलेली. खिशातली पट्टी बाहेर काढतो. झोपताना दहा होत्या, आता नऊ आहेत, तारखेचं टोक शाबूत. चटईवर माझ्या कोपराशी चांदीच्या कागदाचे चार बारीक तुकडे पडले आहेत, आणि कात्री माझ्या उशाला आहे. झोपेत मीच कापली असेल. पण कोपरे मी आयुष्यात कधी कापलेले नाहीत, मला तेवढा धीर नाही.

गिरिजा माझ्या हाताकडं बघते.

"पप्पा, तुम्ही सकाळी घेतली म्हणालात ना?"

"नव्हती घेतली," मी म्हणतो. "एकही नाही. आता रोज चार वाजता घेणार आहे."

ती पाणी आणून देते. मी गोळी काढून गिळतो. मग तो रिकामा चांदीचा तुकडा बोटांत धरतो आणि त्याच्या चारी बाजूंनी अंगठा फिरवून बघतो. कुठंच टोचत नाही.