लांबची बाई

मी बारामतीच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. दीड वर्षापूर्वी कॉलेजनं परदेशातला एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला: बऱ्या न होणाऱ्या माणसाची शेवटच्या दिवसांत काळजी कशी घ्यायची. शिकवणारी बाई स्कॉटलंडची, सोबतीला केनिया, नेपाळ, फिलिपिन्सच्या नर्सेस. यादीत माझं नाव घातलं तेव्हा मी कुरकुरले. उभा जन्म वॉर्डात गेला, आता लॅपटॉप मला मरण शिकवणार? आणि त्याच महिन्यात आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पार पसरलेला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच दादानं मला बजावलं, "आईला काय बोलायचं न्हाय. हाय खाईल ती."

आमच्याकडे हे असंच असतं. गावाला ठाऊक, भावकीला ठाऊक, ठाऊक नसतं ते फक्त आजारी माणसाला. आईला 'आतड्याला सूज' सांगितली. भेटायला येणाऱ्या बायका दारात डोळे पुसायच्या आणि हसत आत यायच्या. मला चीड यायची. पण मीसुद्धा सूजच म्हणत होते.

रजा काढून मी आईकडे पळसदेवला आले. घरात रेंज फक्त ओसरीत, आणि ओसरीत आईची खाट. त्यामुळे दुपारी माझा वर्ग भरला की आईचाही भरायचा. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी ती चेहरे बघत पडून राहायची. "ती काळी पोरगी आज रडल्यागत दिसतीया," असं मला सांगायची, आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

एकदा घरच्या कुणावर तरी तोंडाची निगा करून दाखवायची होती. आईनं हट्टानं नंबर लावला. हिरवी इरकल नेसली, माझ्याकडून वेणी घालून घेतली. मी ओल्या कापसानं तिचे ओठ, जीभ पुसून दाखवली. स्कॉटलंडच्या बाईनं तिचे आभार मानले आणि तुम्हाला काही विचारायचंय का, असंही विचारलं. मी आईला सांगितलं. मला वाटलं, लग्न झालंय का, पोरं किती, असलं काही विचारेल.

"तिला इचार," आई म्हणाली, "थोरला म्हंतोय, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की होडीतनं त्या बुडाल्याल्या जुन्या देवळात न्हेतो. तवर मी हाय का?"

"आई, असलं काय विचारतेस?"

"इचार म्हंते ना. हितली समदी माझ्याशी ग्वाड बोलत्यात. ती लांबची बाई. तिला माझ्याशी ग्वाड बोलायचं काय कारण?"

नातेवाइकाला कधी दुभाषा करू नये, हे त्याच बाईनं आम्हाला शिकवलं होतं. त्यामुळे मी प्रश्न सांगितल्यावर तिनं आधी मला विचारलं, तू हे करू शकशील का, की थांबूया? मी मान हलवली. कशाला हलवली, मला अजून माहीत नाही. एकेका नर्सनं आपला कॅमेरा बंद केला. पडद्यावर ती बाई तेवढी उरली.

ती सावकाश बोलली. मी इतक्या लांबून तुम्हाला तपासलेलं नाही. पण तुमच्या मुलीनं सांगितलंय त्यावरून मला वाटतं, उन्हाळा फार लांब आहे. तोपर्यंत तुम्ही नसाल, अशी मला भीती वाटते. मला वाईट वाटतं.

मी ते सगळं मराठीत सांगितलं. दुसऱ्याचं बोलणं म्हणून सांगितलं, म्हणूनच तोंडातून निघालं. प्रत्येक वाक्याआधी 'ती म्हणतेय' लावत गेले.

आईनं ऐकून घेतलं. मग पडद्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघितलं.

"ती म्हंतीया, का तू म्हंतीयास?"

"मीपण म्हणतेय, आई."

"मग खरं असंल." तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि बराच वेळ चोळत बसली, जणू आजारी मीच होते. मी हमसून रडले. ती रडली नाही.

"थोरल्याला सांगू नगंस," शेवटी आई म्हणाली. "मला म्हाईत न्हाय असंच वाटू दे त्याला. लई जपतोय त्यो."

त्या संध्याकाळी दादा कारखान्यावरनं आला, तेव्हा तिनं त्याला होडी कुणाची ठरवणार ते विचारलं. तो खुलून बोलत बसला. पुढंही रोज ती त्याच्याकडनं देवळाचा बेत ऐकायची. संक्रांत झाली आणि ती गेली. तिच्याशिवाय माझी दुपार अजून सरत नाही.

वर्षश्राद्धाला पाहुणे जमले तेव्हा दादा सगळ्यांना सांगत होता, "एक बरं झालं. आईला शेवटपर्यंत काय कळू दिलं न्हाय आमी." आणि दुजोऱ्यासाठी त्यानं माझ्याकडं बघितलं.

"व्हय दादा," मी म्हणाले, आणि पानं वाढायला आत गेले.