तुळसीबाई फोर्स घालत नाहीत

तुळसीबाईंना माणसं आवडत नसत. त्यात मी तर मुळीच नाही. २००७ साली उदगीरहून येऊन चेन्नईजवळ सिरुसेरीच्या कंपनीत रुजू झालो, आणि पहिल्याच दिवशी कानावर मराठी पडली म्हणून हरखून विचारलं, "बाई, तुम्ही आपल्याकडच्या?"

"आम्ही तंजावरच्या. तूं कोण आम्हांस आपलें म्हणणारा?"

मराठी जुन्या दरबारातली, हेल तमिळ, धार स्वतःची.

आमची कंपनी ट्रकच्या ब्रेकचा दाब नोंदवणारी पेटी बनवायची. पेटीत लिनक्स. आमचं गिऱ्हाईक असलेल्या ओरगडमच्या ट्रक-कारखान्यातले लोक तिला आपापली डिस्क जोडत, ती विंडोजची. लिनक्सने त्या डिस्कवर लिहायचं तर मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. तो फुकट मिळे, सोर्स कोडसकट, आणि त्या कोडमधून आमच्या पेटीत चालेल असा ड्रायव्हर तयार करायचं, म्हणजे बिल्डचं, काम बाईंचं. परदेशातून कुणाची दुरुस्ती आली की आधी तिला शिव्या मिळत, मग सोर्समध्ये जागा.

विंडोजमधून रीतसर न काढता डिस्क ओढली, की हा ड्रायव्हर तिच्यावर लिहायला नकार देई आणि पेटीवर लाल दिवा लागे. कारखान्यात शिफ्ट संपताच तिथली बस सुटते. डिस्क रीतसर काढत बसणारा चालत घरी जातो. तेव्हा सगळेच ओढत. रोज लाल दिवा, रोज फोन.

"फोर्स घाला," मॅनेजर विजयकुमार म्हणाले. तो पर्याय दिला की ड्रायव्हर मुकाट लिहितो, विंडोजचं आत अर्धवट राहिलेलं काम तुडवून.

"नाही घालत."

"मग प्रोजेक्ट दुसऱ्याला देतो." नजर माझ्यावर.

"ह्याला? ह्याला अजून डोसा खाता येत नाही, सर."

अखेर ओरगडमच्या कारखान्याचे प्रमुख नारायणस्वामी स्वतःच डिस्क घेऊन आले. जोडली. लाल दिवा.

"प्रश्न सुटलाय, सर," विजयकुमार गोड हसले. "बाई, घाला."

बाईंनी पाहुण्यांना विचारलं, "हिच्यावर हवं असलेलं काही आहे?"

"आठवड्याच्या सगळ्या चाचण्या. दुसरी प्रत नाही."

बाईंनी कीबोर्ड विजयकुमारांपुढे सरकवला. "तुम्हीच घाला, सर. काय टाइप करायचं ते मी सांगते."

त्यांनी टाइप केलं. बोट एंटरवर येऊन थांबलं.

"बिघडेल?"

"कदाचित नाहीही बिघडणार. दाबा ना."

एसी चालू होता, तरी साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. नारायणस्वामींनी शांतपणे डिस्क काढून पिशवीत टाकली. "लाल दिवा राहू दे. बस उशिरा सोडायचं मी बघतो."

फोर्स काही आत गेला नाही. बाई गेल्या. ग्राहकासमोर साहेबाला घाम फोडणं कुठल्याच कंपनीत खपत नाही. सोमवारी त्यांना ऑफिसचे प्रिंटर दुरुस्त करायला बसवलं आणि ड्रायव्हर माझ्या गळ्यात आला.

माझा पहिलाच बिल्ड फुटला. त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. बाईंचा हात प्रिंटरच्या पोटात, मान वर नाही.

"फोर्स घातलास?"

"नाही, बाई."

"मग एरर वाच. पहिल्या ओळीपासून. माझें तोंड काय वाचतोस?"