सोळा कोअरचं रिकामं खोकं

थोरली चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते. दिवसभर दुसऱ्यांची नजर साफ करायची आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवरच्या खेळात ट्रक चालवायचा, हा तिचा नेम. वरच्या मजल्यावरून धाकटी जाऊही आपला ट्रक काढायची. कानांवर हेडफोन, दोघी एकामागोमाग, बर्फाच्या घाटातून. नवऱ्यांबद्दल, सासूबद्दल स्वयंपाकघरात जे बोलता येत नाही, ते सगळं त्या घाटात बोलून व्हायचं.

मग धाकटीनं नवा प्रोसेसर बसवला. रस्त्यावर गाड्यांची गर्दी झाली की थोरलीचा पडदा अडखळे आणि धाकटीचे दिवे वळणाआड जात. धाकटीच्या पाठची जागा तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं पटकावली. थोरलीच्या कानात नुसतं दोघींचं खिदळणं यायचं.

"ताई, तुम्ही या हं मागून सावकाश."

त्या 'सावकाश'नं थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. सुट्टीच्या दिवशी तिनं दुकान गाठलं.

"माझ्या जावेनं ट्रकच्या खेळासाठी प्रोसेसर नेला ना, त्याच्या वरचा द्या."

दुकानदार हसला. "वरचा आहे, सोळा कोअरचा, म्हणजे आत सोळा मेंदू. त्यांचा आठचा. पण हा व्हिडिओचं काम करणाऱ्यांसाठी, वहिनी. तुमच्या खेळात त्यातले निम्मे कोअर बसून राहतील. एवढ्या गाड्या हलवायला त्यांचाच सरस. त्याच्या पोटातच जास्त मेमरी आहे."

"म्हणजे तिचाच घ्यायचा?"

"खेळायचंय की दाखवायचंय?"

चष्म्याचा नंबर कसाही असो, फ्रेम भारी हवी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना थोरली आजवर मनातल्या मनात हसत आली होती.

"दोन्ही," ती शेवटी म्हणाली. आठचा घेतला आणि कपाटावर मांडलेलं सोळाचं रिकामं खोकं मागून घेतलं.

ते तिनं दारातून दिसेल असं टेबलावर ठेवलं. धाकटी कात्री मागायला आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अगंबाई! सोळाचा?"

"म्हटलं, घ्यायचाच तर बरा घ्यावा."

धाकटी कात्री न घेताच वर गेली.

संध्याकाळी घाटात थोरलीचा पडदा एकदाही अडखळला नाही. मैत्रिणीला तिनं मध्ये शिरूच दिलं नाही. चढावर तर तिनं धाकटीलाही मागे टाकलं.

"तरीच," कानात धाकटीचा आवाज आला. त्यात हसू नव्हतं. "मीही उद्या तोच आणते. माझा काढून टाकते."

नको आणूस, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग खोक्याचंही सांगावं लागलं असतं.

"आण ना," ती म्हणाली. "छान आहे."

ट्रकच्या आरशात धाकटीचे दिवे अगदी जवळ होते. उद्यापासून ते किती मागे दिसतील, याचा अंदाज घेत ती बराच वेळ आरशातच पाहत राहिली. मग तिनं आपल्या ट्रकचा वेग थोडा कमी केला.