सूर्य बुडतो तिकडे समुद्र

माझी धाकटी जाऊ नेपल्सच्या बंदरात उतरून हिंडत होती, तेव्हा मी रत्नागिरीत नववीच्या वर्गाला नेपल्स शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, तर फळ्यावर खडूने इटलीचा बूट काढायचा, त्याच्या नडगीवर एक ठिपका द्यायचा आणि म्हणायचं, मुलींनो, हे बंदर. मुली वहीत बूट काढायच्या. दरवर्षी एखादीचा बूट गमबुटासारखा यायचा.

मला तिचा हेवा वाटायचा. हे मी आज मोठ्या मनाने कबूल वगैरे करत नाही. तेव्हाही ते सगळ्या घराला दिसत होतं, सासूबाईंना तर भिंतीपलीकडून दिसत होतं. मी आमटीला फोडणी जरा जोरात दिली की त्या बाहेरूनच म्हणायच्या, "पोस्टमन येऊन गेला वाटतं."

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. माझा धाकटा दीर जहाजावर इंजिनिअर होता. जहाज मालाचं नव्हे, प्रवाशांचं. गोऱ्या लोकांना भूमध्य समुद्रातून एकेका बंदराला फिरवून आणायचं, हाच त्याचा धंदा. सकाळी बंदराला लागायचं, माणसं उतरायची, गाव बघायची, संध्याकाळी परत चढायची, रात्रीतून पुढचं गाव. कंपनीच्या नियमाप्रमाणे अधिकाऱ्याला एखाद्या सफरीवर बायको बरोबर नेता यायची. वहिनी नेता यायची नाही. मी कधी विचारलं नाही, पण असा नियम नसणार हे मला विचारल्याशिवायही कळत होतं.

आणि भूमध्य समुद्र तर माझा होता! शाळेत लागल्यापासून तो धडा मीच शिकवत आले होते. हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबं, संत्री. जिब्राल्टरपासून बैरूतपर्यंतची बंदरं मी डोळे मिटून क्रमाने सांगू शकत असे. त्याच्या वरच्या अंगाला काळा समुद्र आहे असं म्हटलं की दरवर्षी कोणीतरी हात वर करायची, "बाई, म्हणजे आपल्या मांडवीचा?" आमच्या गावात वाळूच्या रंगावरून काळा समुद्र आहे, पांढरा समुद्रही आहे, त्यामुळे मुलींचा दोष नव्हता. मी स्वतः मुंबई आणि कोल्हापूर यांच्या पलीकडे गेले नव्हते. यजमानांजवळ विषय काढला की ते वर्तमानपत्र न हलवता म्हणायचे, "आपल्याकडे काय समुद्र कमी आहे?"

जाऊ जवळच्या पावस गावची. बापाची कलमांची आणि माडांची बाग, घरात सुबत्ता. शाळेत भूगोलात काठावर पास, हे तिनेच हसत हसत सांगितलेलं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते माझ्याबाबतीत, आणि तिच्या पुढ्यात मात्र चण्यांचं पोतं ओतलेलं. निघताना तिने बॅगेत लोणच्याची बरणी कापडात गुंडाळून ठेवली आणि मला वाकून नमस्कार करून म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय आणू?" मी म्हटलं, "काही नको, नीट बघून ये." खरं तर मला सगळंच हवं होतं.

ती परत आली ती दिवाळीनंतर. दीर जहाजावरच राहिला. मग सुरू झाल्या तिच्या गोष्टी. प्रवाशांसाठी म्हणे बंदरावर बसगाड्या उभ्या असत, माहिती सांगणारा माणूस असे. पण त्या पैसे भरलेल्यांसाठी. दीर खाली इंजिनापाशी अडकलेला. मग ही एकटीच निघायची, पायी. साडीवर नवऱ्याचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये जहाजाचं नाव आणि धक्का लिहिलेला कागद. तिची एक पद्धत ठरून गेली होती. आधी मासळीबाजार शोधायचा, कारण बंदर म्हटलं की तो जवळ असणारच. मग वासावरून पावाची भट्टी. मग एखाद्या चर्चच्या पायरीवर बसून गरम पाव आणि आपल्या आंब्याचं लोणचं. खाऊन झालं की वाटेल त्या गल्लीत शिरायचं.

फ्रान्सच्या मार्से बंदरात धक्क्यावर कोळिणी मासे मांडून बसतात. तिथे हिने बोटांच्या खुणांनी बांगड्यांचा भाव केला. शिजवायला ना चूल ना कढई.

"मग कशाला केलास?" मी विचारलं.

"भाव केल्याशिवाय पुढे जाववेना हो वहिनी. ती पण खूश झाली. जाताना एक बांगडा फुकट देत होती."

अथेन्सच्या बंदरातून ती आगगाडीने शहरात गेली होती. मी श्वास रोखून विचारलं, "टेकडीवर चढलीस? देवळापर्यंत?"

"चढले ना. पण वर नुसते खांब. खालचा बाजार मात्र छान होता."

नुसते खांब! त्या खांबांचं चित्र मी शाळेच्या कपाटात जपून ठेवलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि पित्त झालंय असं मी सांगितलं.

तिने ऑलिव्हची बाटली आणली होती. इतकी वर्षं मी ज्याचं नाव शिकवलं ते फळ पहिल्यांदा माझ्या हातात आलं. मी ते तोंडात घालण्याआधीच सासूबाईंनी एक चावून पदरात थुंकलं. "भोकरं आहेत गो! खारवलेली भोकरं. एवढं लांबून भोकरं कशाला धाडलीन त्याने?" मला ते आवडलं की नाही हे आजही सांगता येणार नाही. मी चार खाल्ली, डोळे मिटून, परीक्षेला बसल्यासारखी.

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही दोघी मिळून करायचो. त्या वर्षी मी वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. तिने जहाजावरच्या साबणाच्या छोट्या छोट्या वड्या काढल्या, सोनेरी कागदातल्या. बायका साबण नाकाशी धरत होत्या आणि माझ्या गाळण्या पिशवीच्या तळाशी टाकत होत्या. जाऊ मध्ये बसलेली, भोवती बायकांचं कोंडाळं, आणि मी तिळगुळाचं ताट घेऊन कडेने फिरत होते. शेजारणीने एकदा माझ्याकडे वळून म्हटलं, "तुम्हाला काय हो, तुमच्या पुस्तकात सगळं असेलच." माझ्या हातातलं ताट तिच्या डोक्यावर उपडं करावं असं मला वाटलं. मी तिला आणखी एक लाडू दिला.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईही आल्या होत्या. निघताना चपला घालता घालता त्या जावेला म्हणाल्या, "तुम्ही शाळेत या ना एक दिवस. नववीला त्याच धड्याची उजळणी चालू आहे. मुलींना प्रत्यक्ष बघितलेलं कोणी सांगितलं तर लक्षात राहील." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चालेल ना बाई?"

चालेल, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बंदरं तिची, बाजार तिचे, सोनेरी साबण तिचे. माझ्याकडे तो एक तास उरला होता, फळ्यापुढे उभं राहून जगातला एक समुद्र आपला म्हणायचा. तोही आता तिला द्यायचा होता. तिने नीट सांगितलं, तर पुढच्या वर्षीपासून माझ्या खडूच्या बुटाकडे कोण बघणार होतं? मी मनापासून इच्छा केली की ती फळ्यापुढे अडखळावी.

ती आली निळी साडी नेसून. मी भिंतीवर नकाशा टांगला, तिच्या हातात छडी दिली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. नकाशावर छडी ठेवताना तिची सुरुवातीलाच गडबड झाली. मार्से दाखवायला गेली आणि छडी टेकली आल्प्सवर. मला बरं वाटलं. मग तिने छडी टेबलावर ठेवून दिली, टेबलाला टेकून उभी राहिली आणि पावसच्या बागेत बसून बोलावं तशी बोलायला लागली.

बार्सिलोनाचं सांगत होती. त्या गावात ती हिंडत हिंडत जुन्या गल्ल्यांत शिरली. उंच घरं, मध्ये हातभर आकाश, वाळत घातलेले कपडे. फिरता फिरता वेळ किती झाला कळलंच नाही. जहाज दिवेलागणीला सुटायचं होतं. पर्समध्ये हात घालून बघते तर कागद नाही. पावाच्या दुकानात राहिला की कुठे पडला, देव जाणे. भाषा येत नाही. बंदर कुठल्या बाजूला, काही अंदाज नाही.

"मग मी घाबरून उभी राहिले. आणि मग मनाशी म्हटलं, अगो, घाबरतेस काय? सूर्य बुडतो तिकडे समुद्र. सूर्य धरून चाल."

सगळ्या वर्गाने माना हलवल्या. बरोबरच होतं तिचं. रत्नागिरीत बाजारात हरवलेलं चार वर्षांचं पोरही सूर्याकडे तोंड करून चालत सुटलं तर मांडवीला पोचेल.

माझीही मान हलली. मागच्या बाकावर, भूगोलाच्या बाईंची.

मग माझं लक्ष समोरच्या नकाशावर गेलं आणि मान तिथेच थांबली. स्पेनचा तो किनारा पूर्वेचा. समुद्र उगवतीला. दरवर्षी मी त्या किनाऱ्यावरून खडू फिरवला होता, बार्सिलोनाचा ठिपका समुद्राच्या डाव्या हाताला माझ्याच हाताने दिला होता. तरी माझ्या मनातल्या बार्सिलोनात सूर्य पाण्यातच बुडत होता, मांडवीसारखा.

जाऊ सांगत होती, "मी भराभर चालतेय, चालतेय, समुद्राचा पत्ता नाही. खारा वारा नाही. वाट तर चढायला लागली. समुद्राकडे जाताना उतार लागतो ना गो? इथे चढ! बघते तर समोर डोंगर, आणि सूर्य डोंगराच्या मागे चाललेला. मी रस्त्यातच उभी. सूर्याने फसवलंन मला."

आता मात्र वर्ग खो खो हसला. एक मुलगी हसत नव्हती. तिने हात वर करून विचारलं, "पण काकू, मग समुद्रावर संध्याकाळ कशी होते तिथे?"

"नुसता अंधार येतो," जाऊ म्हणाली. "मागून."

मग ती सुटली कशी, तर एक बाई दुकानाचा उंबरा धूत होती. बादलीतलं पाणी रस्त्यावर पडलं आणि जाऊ ज्या वाटेने वर चढून आली होती त्याच वाटेने खाली धावलं. ही पाण्यामागून निघाली. धक्क्यावर पोचली तेव्हा शिडी उचलायची तयारी चालली होती आणि दीर तेलकट कपड्यांत शिडीच्या तोंडाशी उभा होता, हलायला तयार नव्हता. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडत बसली होती आणि मी नारळ खवत होते. घरात तिने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. सासूबाई पुन्हा पाठवणार नाहीत म्हणून, ती म्हणाली. मी विचारलं, "फार भीती वाटली का गं?"

"वाटली ना. हातपाय गार पडले." तिने सूप खाली ठेवलं, सासूबाई बाहेर आहेत ना हे बघून घेतलं. "पण वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते. त्या चढावर उभी होते ना, तेव्हा मध्येच थोडा वेळ फार बरं वाटलं. मला ओळखणारं तिथे कोणी नव्हतं. मी कोणाची सून नव्हते, कोणाची बायको नव्हते. कोणी विचारणार नव्हतं, कुठे चाललीस म्हणून. मग लगेच रडूच आलं म्हणा."

मी खवत राहिले. करवंटी लागली तरी खवत राहिले.

तोवर मी तिच्या मासळीबाजारावर जळले होते, खांबांवर जळले होते, साबणावरसुद्धा. ते सगळं त्या एका वाक्यापुढे काहीच नव्हतं. बाजार काय, आमच्याकडेही होता. त्या चढावरचा तो थोडा वेळ मला हवा होता. मला तो इतका हवा होता की दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही.

मी ठरवून हरवायला निघाले. हसू येईल, पण तसंच ठरवलं होतं. ओळखीचा रस्ता सोडला आणि राजिवड्याकडच्या, कधी न गेलेल्या बोळांत शिरले. पहिल्या वळणावर एका ओट्यावरून आवाज आला, "बाई, इकडे कुठे?" माझ्या जुन्या विद्यार्थिनीची आई. पुढे एक सायकलवाला उतरून उभा राहिला, "नमस्ते बाई, काय चुकलात की काय? तो रस्ता असा जातो." मी नको नको म्हणत असताना तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. नंतरच्या बोळात दोन मुली दप्तरं घेऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि मी जाईपर्यंत हलल्या नाहीत. मी डावीकडे वळले, उजवीकडे वळले, मुद्दाम मान खाली घालून चालले. शेवटचा बोळ संपला आणि समोर खाडीचं तोंड, त्यापलीकडे समुद्र, आणि सूर्य बरोबर त्याच्यावर टेकलेला.

मी तिथे उभी राहून त्याला बुडताना बघितलं. जाळं आवरत असलेला एक म्हातारा वर बघून म्हणाला, "काय बाई, घरी जायचा टाइम झाला ना?"

हो म्हटलं, आणि घरी गेले.